लसणाचं गाव, कांद्याचं गाव आणि बायकांचं कर्लिंग: राष्ट्रीय संघ निवडायचा की अख्खा पाठवायचा?

चाटीगल्लीकर

राम राम मंडळी.

२०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये बायकांच्या कर्लिंगचं, म्हणजे बर्फावर दगड घसरवायच्या सांघिक खेळाचं, सुवर्ण स्वीडनला, रौप्य दक्षिण कोरियाला आणि ब्राँझ जपानला मिळालं. गंमत पुढे आहे. कोरियाच्या मुली उईसाँग नावाच्या आडगावच्या. ते गाव प्रसिद्ध कशासाठी, तर लसणासाठी. म्हणून जगभर त्यांचं नाव पडलं 'गार्लिक गर्ल्स'. जपानच्या मुली होक्काइडोतल्या किटामीच्या, आणि किटामी म्हणजे जपानातलं कांद्याचं आगर. आता कांदा म्हटल्यावर सोलापूर मार्केट यार्डाजवळ वाढलेल्या माणसाचे कान टवकारणारच की!

पण धागा कांद्यासाठी काढलेला नाही. या दोन्ही टीम कुठल्या निवड समितीनं देशभरातून एकेक मुलगी वेचून बनवलेल्या नव्हत्या. एका गावात, एका हॉलमध्ये एकत्र वाढलेल्या मुली. त्यांनी देशातली चाचणी स्पर्धा जिंकली आणि जशाच्या तशा देशाचा टीशर्ट घालून गेल्या. कर्लिंगमध्ये बहुतेक देश असंच करतात. कॅनडात तर बायकांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारी टीमच जागतिक स्पर्धेत 'टीम कॅनडा' म्हणून उतरते.

मला हे फार पटतं. सांघिक खेळात संघ हा एकच खेळाडू समजावा आणि तोच पाठवावा. आपल्याकडे जिल्ह्यापासून देशापर्यंत उलटं चालतं. जिंकलेली टीम फोडायची, चांगले मोती वेचायचे आणि पंधरा दिवसांच्या शिबिरात नवी माळ ओवायची. तुमचं काय मत?

पार्कचौक

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

निरुत्तर

आधी मूलभूत शंका. फरशी पुसायची, दगड ढकलायचा आणि त्याला ऑलिंपिक पदक? हा खेळ आहे की दिवाळीची साफसफाई?

शेंगाचटणी

हा विनोद येणार हे माहीतच होतं, फक्त दुसऱ्याच प्रतिसादात येईल असं वाटलं नव्हतं. बायकांच्या हातात ब्रश दिसला की सगळ्यांना घरची मोलकरीण आठवते. पुरुषही तोच ब्रश घेऊन तेच करतात, तेव्हा कुणाला दिवाळी आठवत नाही.

निरुत्तर

पुरुषांचा सामना बघितला असता तर तेव्हाही हेच म्हणालो असतो. पण मान्य, विनोद शिळा होता.

बाळीवेशीतली

मी मूळची बाळीवेशीतली, आता कॅल्गरीत. इथं आमच्या वस्तीतल्या क्लबात दर आठवड्याला खेळते, म्हणून निरुत्तर यांच्यासाठी थोडं लिहिते.

चौघी एका टीममध्ये. प्रत्येकीनं दोन दगड सोडायचे, म्हणजे एका डावात आमचे आठ आणि समोरच्यांचे आठ. डावाला 'एंड' म्हणतात. बायकांच्या आणि पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात दहा एंड असतात. पंचेचाळीस मीटर लांब बर्फाच्या पट्टीच्या टोकाला वर्तुळं रंगवलेली असतात, ते 'हाऊस'. एंड संपल्यावर मधल्या ठिपक्याला ज्यांचा दगड सगळ्यात जवळ त्यांनाच गुण, आणि समोरच्यांच्या सगळ्यात जवळच्या दगडापेक्षा तुमचे जितके दगड आत, तितके गुण. कॅरम खेळला असाल तर निम्मं डोकं आधीच तयार आहे. आपली सोंगटी लावायची, त्यांची उडवायची, मध्ये आडोसा उभा करायचा. फक्त इथं सोंगटी अठरा-वीस किलोची आणि सोडल्यावर वीसेक सेकंद चालत राहते. तेवढ्यात बाकीच्या तिघी तिचं नशीब बदलू शकतात.

आता दगड कसा सोडतात ते. बर्फात रबराचा एक खाचा बसवलेला असतो, 'हॅक'. उजवा पाय त्यात रोवायचा. डाव्या बुटाच्या तळाला टेफ्लॉनची चकती असते, त्यामुळे त्या पायाखाली जमीनच नाही असं वाटतं. खाली बसायचं, दगड थोडा मागे घ्यायचा आणि उजव्या पायानं स्वतःला ढकलून द्यायचं. दगडाला हातानं जोर द्यायचाच नाही. तुम्ही आणि दगड एकत्र घसरत जाता. छाती बर्फापासून वीतभर वर, उजवा पाय मागे फरफटत. पुढे 'हॉग लाइन' असते, तिच्या आत हात सोडावाच लागतो. सोडताना मनगटानं दगडाला किंचित फिरकी. त्या फिरकीनंच तो शेवटी वळतो.

बर्फ गुळगुळीत नसतो. खेळाआधी पाठीवर टाकी घेतलेला माणूस त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडत मागे मागे जातो. ते गोठून पुरळ उठल्यासारखे कण होतात, त्याला 'पेबल' म्हणतात. दगडाचा तळ खोलगट असतो, नुसती एक अरुंद कड त्या कणांवर टेकते. दगड चालू लागला की घरघर ऐकू येते. गुडघ्याला ती थरथर कळते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला खरंच भीती वाटली होती.

ब्रशनं घासलं की बर्फाचा वरचा थर जरासा तापतो, घर्षण घटतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. वीस सेकंद जीव खाऊन घासा, मग सांगा दिवाळी आहे की काय ते. आमच्या लीगमधली साठीची आजीबाई मला दमवते.

पार्कचौक

ताई, लई भारी लिहिलंव. सोलापुरात करायचं म्हटलं तर पेबलला पाणी कुठून आणायचं बे? आमच्याकडं नळाला चार दिवसाआड. आधी पिंप भरू का पट्टी शिंपडू?

कडकभाकरी

आणि त्रेचाळीस डिग्रीत बर्फ टिकवायला वीजबिल कोण भरणार? हॉलच्या बाहेर गोळ्याची गाडी लावू, खर्च तेवढ्यात निघेल.

घर्षण

बाळीवेशीतली ताईंच्या माहितीत भर. काचेचा पेला टेबलावर पालथा घालून घड्याळाच्या दिशेनं फिरवत सरकवा. तो डावीकडे वळेल. कर्लिंगचा दगड त्याच फिरकीवर उजवीकडे वळतो. का, यावर भौतिकशास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही. कुणी म्हणतं पुढच्या कडेखाली पाण्याचा पातळ थर होतो, कुणी म्हणतं कडेच्या खरबरीतपणाचे ओरखडे दगडाला ओढतात. आपण चंद्रावर यान उतरवलं, पण हा दगड का वळतो यावर अजून भांडतोय.

टॉवेलवाला

मी अक्कलकोट रोडचा, कापडाच्या धंद्यातला, म्हणून माझं लक्ष ब्रशकडे. मध्यंतरी या खेळात कापडावरून रणकंदन चाललं होतं हे कुणाला माहीत आहे का?

२०१५ च्या सुमारास असे ब्रश आले की त्यांच्या कापडाचा पोत आणि आतला लेप मिळून बर्फाला ओरखडे पाडायचा. त्यामुळे घासणारा माणूस दगडाला हवं तिकडे वळवायला लागला, जणू हातात सुकाणू आलं. सोडणाऱ्याचं कौशल्य गेलं बाजूला. शेवटी अव्वल टीमनीच ते ब्रश वापरणार नाही असं सांगितलं. २०१६ मध्ये जागतिक संघटनेनं चाचण्या घेऊन एकच कापड मंजूर केलं, ४२० डेनिअरचं (डेनिअर म्हणजे सुताच्या जाडीचं माप) नायलॉन ऑक्सफर्ड. मोहरीच्या रंगाचं. आता मोठ्या स्पर्धेत ब्रशचं डोकं त्याच कापडाचं असावं लागतं.

४२० डेनिअर ऑक्सफर्ड हे काही स्वर्गातून येत नाही. शाळेच्या दप्तराला याच जातीचं कापड लागतं. ऑर्डर असेल तर कळवा, सूत माझं, माग शेजाऱ्याचा.

चाटीगल्लीकर

टॉवेलवाला, तुमचा प्रतिसाद वाचून धन्य झालो. पण धागा संघनिवडीचा आहे हो!

नियमबुवा

मग त्यावर बोलतो. मूळ प्रतिपादनाशी असहमत.

२०२२ चं बीजिंग घ्या. ग्रेट ब्रिटनला बायकांचं सुवर्ण मिळालं, कर्णधार ईव्ह म्युअरहेड. ती टीम गावातून एकत्र वाढून आलेली नव्हती. २०२१ मध्ये नऊ जणींचा ताफा केला, त्यांना आलटून पालटून खेळवलं आणि त्यातून पाच निवडल्या. म्हणजे तुम्ही ज्याला नावं ठेवताय तीच पद्धत. बरं, ऑलिंपिकची जागाही आधी हातात नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्समध्ये लिवार्डन इथं झालेल्या शेवटच्या पात्रता स्पर्धेतून त्या आत आल्या. उपांत्य सामन्यात स्वीडननं पहिल्याच एंडला चार गुण घेतले होते. तिथून सामना जादा एंडला गेला आणि यांनी १२-११ जिंकला. अंतिम सामन्यात जपानला १०-३. त्यांची व्हिकी राइट नर्स आहे, कोविडच्या काळात वॉर्डात काम करून मग खेळायला आली. अशा मुली शिबिरातही मिळतात.

चाटीगल्लीकर

बुवा, उदाहरण बिनतोड आहे, पण एकच आहे. त्याच उपांत्य सामन्यातली समोरची स्वीडनची टीम बघा. हासेलबोर्ग, मॅकमॅनस, क्नोखेनहाउअर, माबर्ग्स. २०१८ ला सुवर्ण याच चौघींचं, २०२२ ला ब्राँझ याच चौघींचं. तुमच्या निवडलेल्या टीमला एक सुवर्ण, माझ्या न फोडलेल्या टीमला एक सुवर्ण आणि एक ब्राँझ. हिशोब कुणाकडे झुकतो?

नियमबुवा

सामना म्युअरहेडनं जिंकला. हिशोब तिथं संपतो.

आणि न फोडलेल्या टीमचंच बघायचं तर कॅनडा घ्या. चाचणी जिंकलेली टीम अख्खी पाठवायची, हेच त्यांचं धोरण. २०१८ मध्ये रेचल होमनची टीम गेली आणि कॅनडाच्या बायका ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच पदकाविना परतल्या.

बाळीवेशीतली

इथं त्याचा किती शोक झाला ते मी पाहिलंय. पण होमनची गोष्ट तिथं थांबत नाही. चौघींपैकी दोघी बदलल्या, पण होमन टिकली आणि तिची टीम २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं जागतिक विजेती ठरली.

अवांतर: २०१८ ला पदकापेक्षा जास्त चर्चा एका दगडाची झाली. डेन्मार्कविरुद्ध खेळताना डेन्मार्कच्याच एका मुलीचा ब्रश त्यांच्या चालत्या दगडाला लागला. असा लागलेला दगड 'जळला' म्हणतात. नियमानं निर्णय समोरच्या कर्णधाराचा, दगड ठेवायचा, हलवायचा की बाहेर काढायचा. होमननं तो सरळ उचलून बाहेर काढला. आमच्या क्लबात त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता.

नियमबुवा

नियमात बसत होतं. मुद्दा संपला.

शेंगाचटणी

बुवा, नियमात बसतं म्हणून सगळं शोभतं असं नाही. या खेळात चूक झालेला खेळाडू स्वतः हात वर करून 'माझा ब्रश लागला' सांगतो, पंचाची वाट बघत नाही. समोरच्यानं प्रामाणिकपणा दाखवल्यावर तुम्ही इतकं ताणता?

नियमबुवा

प्रामाणिकपणा दाखवला म्हणून नियम रद्द होतो का? उद्या फलंदाज स्वतः चालत गेला म्हणून त्याला नाबाद देणार? कॅनडा तो सामना हरला, म्हणून सगळ्यांना बोलायला फावलं. जिंकला असता तर याच बाईला 'कणखर' म्हणाले असते.

बाळीवेशीतली

दोघांचंही ऐकलं की मला आमचा क्लब आठवतो. त्या दिवशी टेबलं अशीच दोन बाजूला वाटली गेली होती. सामना संपल्यावर जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पेय पाजायचं अशी इथली रीत आहे. त्यामुळे भांडणसुद्धा जिंकणाऱ्याच्या खर्चानं होतं.

पार्कचौक

ही रीत पार्कावरच्या टेनिस बॉल क्रिकेटला लावा. मी रोज हरायला तयार हाय.

खोखोमास्तर

दोन दिवस वाचत होतो, आता लिहितो. मी पंचवीसेक वर्षं मुलींना खोखो शिकवतो. चाटीगल्लीकर अण्णांच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा, आणि त्याला कारण आहे.

एका वर्षी आमच्या मुलींनी जिल्ह्याची स्पर्धा जिंकली. विभागाला जायचा संघ निवडताना आमच्या तिघी घेतल्या, बाकीच्या चार वेगवेगळ्या ठिकाणच्या. प्रत्येक जण गुणी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण खोखोत खो देणारीला माहीत असावं लागतं की समोर बसलेली कुठल्या पायावर उठते. आमची एक मुलगी उठताना आधी डावा खांदा टाकते. तिच्या मागून खो देणारी नवी, तिनं खांदा बघितला आणि वाटलं ही निघाली. खो द्यायच्या आतच पुढची उठली, फाऊल. हे एकाच डावात तीनदा झालं. निवड समितीतल्या एका गृहस्थांना मी विचारलं, तर म्हणाले, मास्तर, सराव कमी पडला. अहो, सराव कमी नाही पडला, ओळख कमी पडली!

अण्णांनी उईसाँग म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर धाराशिव आलं. आपल्या शेजारचा जिल्हा. तिथल्या मुली वर्षानुवर्षं खोखोत पुढे आहेत. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार सारिका काळे तिथलीच, २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. मोठं शहर नाही, मोठा पैसा नाही. एक मैदान, एक-दोन हट्टी माणसं, आणि थोरल्या मुली धाकट्यांना शिकवतात. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खोखो विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० हरवलं. त्या विजयाच्या मागं अशी गावं आहेत.

शेंगाचटणी

मास्तर, खांद्याची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. कोरियाच्या मुलींची कहाणीही अशीच आहे. उईसाँगला २००६ मध्ये कर्लिंगचं केंद्र झालं. किम उन-जुंग आणि किम यंग-मी या शाळेतल्या मैत्रिणी खेळायला लागल्या. यंग-मीची धाकटी बहीण क्यंग-ए ताईला काहीतरी द्यायला म्हणून हॉलवर आली आणि तिथलीच झाली. तिच्यामागून तिची मैत्रीण सन-यंग. झाली टीम! पाचवी राखीव खेळाडूही किम, प्रशिक्षकही किम. परदेशी समालोचकांचा गोंधळ उडायचा, म्हणून मुलींनी न्याहारीच्या पदार्थांवरून टोपणनावं घेतली. एक पॅनकेक, एक स्टेक.

उन-जुंग चष्मा लावून निर्विकार चेहऱ्यानं उभी असायची आणि दगड सुटला की ओरडायची, "यंग-मीऽऽ!" घासायला सांगायचं असेल तरी यंग-मी, थांबायला सांगायचं असेल तरी यंग-मी. नुसत्या सुरावरून कळायचं. मास्तर, तुमची ओळख ती हीच ना?

पार्कचौक

आमच्या मातोश्री पण असंच करत्यात. "आऽऽनंद!" या एका हाकेत दूध आण, दार लाव आणि मोबाईल ठेव, तिन्ही असतं.

खोखोमास्तर

शेंगाचटणीताई, अगदी हीच. आणि पार्कचौक, तुमच्या मातोश्रींना कर्णधार करा.

निरुत्तर

मी आलो परत. मधल्या काळात तो २०१८ चा कोरिया-जपान उपांत्य सामना आख्खा बघितला. जादा एंडला कोरियानं ८-७ जिंकला. शेवटचा दगड उन-जुंगचा, आणि तो सोडायच्या आधी ती इतका वेळ उभी राहिली की मीच उठून पाणी पिऊन आलो. खेळ आहे, मान्य. साखळी फेरीत कोरिया एकच सामना हरला होता आणि तोही याच जपानशी, हे नंतर कळलं. मग तो सामना पण बघितला. बायको विचारतेय हे काय लावलंय.

पण मला एक खटकलं. 'गावातली मैत्रिणींची टीम' हे सगळं गोड गोड वाटतंय. त्या टीमचं नंतर काय झालं ते कुणी लिहीत का नाही?

बाळीवेशीतली

लिहायला हवं, बरोबर आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या मुलींनी आपल्याच प्रशिक्षक मंडळींविरुद्ध जाहीर तक्रार केली. अपमानास्पद बोलणं, बक्षिसाच्या पैशांचा हिशोब नाही, मुलाखतीत काय बोलायचं यावर पहारा. सरकारी चौकशी झाली आणि २०१९ मध्ये तक्रारीत तथ्य असल्याचं निघालं. रौप्यपदक जिंकून वर्षसुद्धा झालं नव्हतं.

गाव लहान, हॉल एक, तो चालवणारं घराणंही एकच. अशा ठिकाणी मुलींना जायला दुसरी जागा नसते. चाटीगल्लीकर अण्णा, तुमच्या पद्धतीची ही बाजूही मोजा. निवड समिती वाईट असेल, पण तिच्यात निदान चार माणसं चार ठिकाणची असतात.

चाटीगल्लीकर

ताई, हे वजनदार आहे. पण बघा, मुली टिकल्या त्या एकत्र होत्या म्हणूनच. पाचही जणींनी एका सहीनं तक्रार केली. वेगवेगळ्या गावच्या पाच जणी असत्या तर एकीला काढून दुसरी घेतली असती आणि प्रकरण मिटलं असतं. पुढे त्याच मुलींनी २०२२ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलं.

शेंगाचटणी

दोन्ही खरं आहे. एकत्र असल्यामुळे त्या अडकल्या आणि एकत्र असल्यामुळेच सुटल्या. मला वाटतं वाद 'टीम फोडायची की नाही' असा नसून, टीमवर सत्ता कुणाची असा आहे. मास्तर, तुमच्या मुली तुमच्याविरुद्ध तक्रार करू शकतील का? राग मानू नका.

खोखोमास्तर

राग नाही. खरं सांगायचं तर जड जाईल त्यांना. पालक माझ्या ओळखीचे, शाळा ओळखीची. कुणाकडे जातील? तुमचा प्रश्न डोक्यात राहील माझ्या.

कडकभाकरी

वातावरण गंभीर झालं. थोडं हलकं करतो. किटामीच्या मुलींचा सामन्याच्या मध्यंतरात बर्फावरच खाली बसून खाऊ खायचा कार्यक्रम असायचा. स्ट्रॉबेरी, चीजकेक वगैरे. टीव्हीवर तो चीजकेक दिसला आणि त्या कंपनीचा माल संपला. बोलताबोलता त्या 'सोदा ने' म्हणायच्या, म्हणजे 'हो की गं'. तो शब्द त्या वर्षीचा जपानातला सगळ्यात गाजलेला शब्द ठरला.

आपल्या मुलींनी मध्यंतरात शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली तर? (हा प्रतिसाद दोन्ही आयडींची जाहिरात समजावा.)

टॉवेलवाला

भाकरीचा चुरा बर्फावर पडला तर दगड जागेवर थांबेल. या खेळात एक केससुद्धा चालत नाही.

नियमबुवा

बरोबर. केस किंवा ब्रशचा धागा दगडाखाली आला की तो मध्येच भलतीकडे वळतो. त्याला 'पिक' म्हणतात आणि त्याची भरपाई मिळत नाही.

पार्कचौक

बरं, मोठा प्रश्न. हे थंड देशांचंच चालायचं का? आपल्याला काय चान्स?

घर्षण

थंडी हा मुद्दा नाही. बर्फ हॉलमध्ये यंत्रानं करतात, बाहेर काय तापमान आहे याचा संबंध बिलाशी. २०१७ च्या साप्पोरो आशियाई हिवाळी स्पर्धेत कतारच्या बायकांची टीम होती. २०२५ च्या हार्बिन स्पर्धेत पुरुषांचं सुवर्ण फिलिपिन्सनं जिंकलं, तेही अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला हरवून. खेळाडू स्वित्झर्लंडमध्ये वाढलेले, मूळ फिलिपिनो. बायकांचं सुवर्ण मात्र कोरियानं घेतलं, आणि ती टीम उईसाँगची नव्हती. किम उन-जीची, ग्याँग्गी प्रांताची. घरच्या चाचणीत ज्या जिंकतील त्या जातात, जुनं पदक बघत नाहीत. अण्णांच्या मूळ प्रश्नाला हेही एक उत्तर आहे.

चीनचं तर याहून नवल. २००५ च्या सुमारास त्यांच्या बायका जागतिक स्पर्धेत यायला लागल्या, २००९ ला वांग बिंगयूच्या टीमनं जागतिक विजेतेपद घेतलं, २०१० ला व्हँकुव्हरमध्ये ब्राँझ. म्हणजे चार-पाच वर्षांत.

आपल्याकडे देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलेला बर्फाचा हॉल आहे. पण स्केटिंगचा बर्फ आणि कर्लिंगचा बर्फ यांत फार अंतर. कर्लिंगला पट्टी काटेकोर सपाट लागते, पाणीसुद्धा क्षार काढलेलं.

बाळीवेशीतली

आणि दगड! तोही कुठलाही चालत नाही. ऑलिंपिकचे दगड स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग बेटाच्या ग्रॅनाइटचे. तिथला निळसर बारीक कणांचा ग्रॅनाइट पाणी शोषत नाही, म्हणून खालची कड त्याची. दुसरा हिरवट जातीचा आपटून तडकत नाही, म्हणून बाकीचा दगड त्याचा.

पार्कचौक

सोलापुरात काळा दगड लई हाय. भुईकोट किल्ल्याचा एक चिरा ढिला दिसूलालाय मला.

खोखोमास्तर

त्या चिऱ्याला हात लावू नका.

मूळ विषयावर शेवटचं विचारतो, बाळीवेशीतली ताई. समजा आम्ही ठरवलं की जिल्हा जिंकणारी टीम अख्खी पाठवायची. पण तिच्यात एखादी जागा खरंच कच्ची असते. दुसऱ्या क्लबची एक मुलगी त्या जागी कितीतरी सरस असते. तिला घरी बसवायचं? आपल्या जिल्ह्यातलीच किरण नवगिरे नागालँडकडून खेळत भारताच्या टी-ट्वेंटी संघात पोचली. अशा मुलीची टीम कच्ची असेल तर तिनं काय करायचं? कर्लिंगवाले यावर काय करतात?

बाळीवेशीतली

टीम स्वतःच बदलतात, मास्तर. वरून नाही. मोठी स्पर्धा संपली की चार वर्षांचं चक्र संपतं, मग खेळाडू आपापसात बोलून नव्या टीम जुळवतात. स्वित्झर्लंडचं उत्तम उदाहरण. सिल्वाना तिरिन्झोनी आणि अलिना पेट्झ दोघी वेगवेगळ्या टीमच्या कर्णधार. पेट्झ तर २०१५ ची जागतिक विजेती. २०१८ ला दोघी एकत्र आल्या. कर्णधार तिरिन्झोनी राहिली, पण शेवटचे दोन दगड, जे एरवी कर्णधारच टाकते, ते पेट्झला दिले, कारण ती ते जास्त चांगलं टाकते. मग २०१९, २०२१, २०२२, २०२३ अशी चार जागतिक विजेतेपदं. २०२० ची स्पर्धा कोविडनं झालीच नाही.

म्हणजे जागा कच्ची होती हे त्यांचं त्यांनी ओळखलं आणि सोडणारीनं स्वतः सोडली. समितीनं तिला सांगितलं असतं तर ती बहुधा वर्षभर कुणाशी बोलली नसती.

खोखोमास्तर

हे जमण्यासारखं आहे. मोसम संपल्यावर दोन क्लबच्या मुलींना एकत्र बसवून त्यांनाच ठरवू द्यायचं. मी खोलीत थांबणार नाही. शेंगाचटणीताईंच्या प्रश्नामुळे हे सुचलं.

नियमबुवा

आणि त्या भांडल्या तर?

खोखोमास्तर

मग तुम्हाला बोलावतो, नियम घेऊन या.

निरुत्तर

कुणीतरी २०२२ च्या त्या १२-११ सामन्याचा दुवा द्या रे. पूर्ण सामन्याचा, ठळक क्षणांचा नको. बायको पण बसणार आहे म्हणते, फक्त जेवणं उरकल्यावर.